मुलगा मिशिगनला, लग्न नाशिकला: एच-१बीचा शिक्का कॅनडातून आणता येतो का?

गंगापूररोडकर

नमस्कार मंडळी. मुलीचं लग्न ठरलंय. मोठा मुलगा डेट्रॉइटजवळ नोकरीला आहे, एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर. सूनबाई एच-४ वर, म्हणजे त्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, आणि चार वर्षांची नात, तिचा जन्म तिकडचाच. मुलाच्या पासपोर्टवरचा व्हिसा संपून बराच काळ झाला. कंपनीने एक्स्टेन्शन करून घेतलंय, नवं आय-७९७, म्हणजे मंजुरीचं पत्र, हातात आहे, त्यामुळे तिथे राहायला नि काम करायला अडचण नाही. अडचण आहे ती इकडे येऊन परत जाण्याची. नवा शिक्का, म्हणजे पासपोर्टवर नवा व्हिसा, असल्याशिवाय विमानात बसू देणार नाहीत.

त्याचा बेत असा, की आधी कॅनडात जाऊन शिक्का मारून घ्यायचा आणि मग निर्धास्तपणे लग्नाला यायचं. घरापासून पूल ओलांडला की विंडसर. त्याच्या ऑफिसातले जुने लोक पूर्वी टोरांटोला किंवा मेक्सिकोत जाऊन हेच करायचे म्हणे.

तारखेचं सांगतो, कारण सगळं त्यावर अडलंय. आमच्या आईचा आग्रह आहे की सिंहस्थ लागायच्या आत कार्य व्हावं. ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण आहे. त्याआधी १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ, आणि आषाढी एकादशीपासून चातुर्मास. म्हणजे एकतर वैशाखात, नाहीतर अधिक संपल्यावर आषाढीच्या आत. लॉन्सवाले वैशाखातल्या तारखेसाठी अनामत मागत आहेत.

इथे बरेच जण या सगळ्यातून गेलेले आहेत म्हणून विचारतो. कॅनडाचा मार्ग खरंच चालतो का?

द्राक्षबाग

काका, आधी अभिनंदन! आणि अनामत आज देऊ नका, दोन दिवस थांबा.

मी मूळचा निफाडचा, आता न्यू जर्सीत. कॅनडाचा तो मार्ग होता, पण आपल्यासाठी आता जवळपास बंद झालाय. ६ सप्टेंबर २०२५ ला अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने सूचना काढली: नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या वास्तव्याच्या, व्हिसासाठी अर्ज आपल्या नागरिकत्वाच्या देशात किंवा आपण जिथले रहिवासी आहोत त्या देशातच करायचा. रहिवासी म्हणून दुसऱ्या देशात अर्ज करत असाल, तर तिथे राहत असल्याचे पुरावे दाखवायचे. नियमात बसत नसताना अर्ज केला तर फी परत मिळत नाही आणि दुसऱ्या देशातल्या अर्जाला वापरताही येत नाही. एच-१बीची ही फी २०५ डॉलर आहे.

आता तुमचा मुलगा नागरिक भारताचा आणि रहिवासी अमेरिकेचा. अमेरिकेत बसून शिक्का मिळत नाही. मग उरला भारत. ज्या देशांत अमेरिकेचं व्हिसाचं नियमित काम चालत नाही त्यांच्यासाठी पर्यायी शहरं नेमून दिली आहेत. रशियन लोकांना अस्ताना किंवा वॉर्सा, इराणी लोकांना दुबई, अफगाण लोकांना इस्लामाबाद. भारत त्या यादीत नाही, कारण आपल्याकडे दिल्ली, मुंबई, चेन्नई, कोलकाता, हैदराबाद अशी पाच ठिकाणं चालू आहेत.

ऑफिसातले जुने लोक खोटं बोलत नाहीयेत. त्यांच्या वेळी ते चालत होतं. नियम बदलला, एवढंच.

सातपूरकर

मेक्सिकोचंही तेच का?

द्राक्षबाग

हो, तेच. सूचना सगळ्या देशांना लागू आहे. शिवाय मेक्सिकोत एक जास्तीचं लचांड आहे. चालू अमेरिकन व्हिसा असलेल्या भारतीयाला मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. पण ज्याचा संपलाय त्याला तो काढावा लागतो. आणि कॅनडाचा व्हिसा तर आपल्याला लागतोच, अमेरिकेचा शिक्का चालू असला तरी.

कॉलेजरोड_ते_टोरांटो

काका, मी टोरांटोत असते, माहेर कॉलेज रोडचं. पूर्वी लोक इथे यायचे तेव्हा काय व्हायचं ते सांगते, म्हणजे तो मार्ग बंद झाल्याची हळहळ थोडी कमी होईल.

भारतात मुलाखतीच्या तारखा मिळेनात, तेव्हा टोरांटो, व्हँकुव्हर, कॅलगरी, ओटावा यांच्या कॅलेंडरवर लोकांच्या उड्या पडायच्या. ज्यांचं सरळ झालं ते पासपोर्ट घेऊन आठवड्याभरात परत जायचे. पण ज्यांच्या हातात २२१(जी) ची चिठ्ठी पडायची, म्हणजे अर्ज 'अधिक तपासणीसाठी' अडकायचा, त्यांची फार वाईट अवस्था व्हायची. अमेरिकेत परत जाता येत नाही, कॅनडात नोकरी करता येत नाही, घरभाडं तिकडचं चालू आणि हॉटेलचं बिल इकडचं. आमच्याकडे एक ओळखीचं जोडपं असंच येऊन राहिलं होतं. तो रोज सकाळी उठला की आधी अर्जाची स्थिती बघायचा, मग चहा घ्यायचा. शेवटी ते टोरांटोहून थेट भारतात गेले आणि शिक्का तिथूनच घेतला. नाशिकला अडकलात तर निदान स्वतःच्या घरात अडकता.

आज कॅनडातून कोण अर्ज करू शकतं? जो खरोखर इथे राहतो तो. वर्क परमिट, स्टडी परमिट किंवा इथलं कायम वास्तव्य असलेला. २०२३ च्या जुलैत कॅनडाने अमेरिकेतल्या एच-१बीवाल्यांसाठी खुलं वर्क परमिट काढलं होतं. १० हजारांची मर्यादा १६ जुलैला उघडली आणि दुसऱ्या दिवशी भरलीसुद्धा. त्यातून जे इथे येऊन स्थायिक झाले त्यांची गोष्ट वेगळी. तुमच्या मुलासारखा पुलापलीकडून दोन दिवसांसाठी येणारा त्यात बसत नाही.

नाशिकरोड४२२१०१

आपल्या नाशिकच्या कॅनडा कॉर्नरजवळच्या एका एजंटकडे परवाच गेलो होतो, माझ्या आतेभावासाठी. तो म्हणतो अमेरिका-कॅनडा सोडा, आपल्या शेजारी देशांत करून देतो. काठमांडू किंवा कोलंबो. 'स्लॉटची गॅरंटी', पैसे आधी. लोक बँकॉकला जाऊन करून आलेले आहेत, हे तर मलाही माहीत आहे. मग यात तथ्य किती?

द्राक्षबाग

एक रुपया देऊ नका. बँकॉक, सिंगापूरला लोक गेले होते हे खरं, पण ते सप्टेंबर २०२५ च्या आधी. आता काठमांडूच्या खिडकीवर तुम्हाला पहिला प्रश्न येणार, 'तुम्ही नेपाळमध्ये राहता का?'

आणि 'स्लॉटची गॅरंटी' हा प्रकार तर जास्तच घातक. मार्च २०२५ मध्ये भारतातल्या अमेरिकन दूतावासाने बॉट वापरून घेतलेल्या सुमारे २ हजार अपॉइंटमेंट रद्द केल्या आणि त्या खात्यांची पुढची बुकिंगही रोखली. आपला लॉगिन-पासवर्ड एजंटच्या हाती देऊन आपलंच खातं गोठवून घ्यायचं, यापेक्षा वेबसाइटवर स्वतः बसून बघितलेलं बरं. आतेभावाला हे नीट समजावून सांगा, भाऊ. पैसे गेले तर एकवेळ परत कमावता येतात, खातं अडकलं तर वेळ जातो, आणि या प्रकरणात वेळच सगळ्यात महाग आहे.

गंगापूररोडकर

सगळ्यांचे मनापासून आभार. मुलाला रात्री फोन लावून हे वाचून दाखवलं. तो म्हणाला, 'बाबा, पण माझा मित्र व्हिसा संपलेला असताना नायगाराची कॅनडाकडची बाजू बघून परत आला.' मग हे कसं चाललं? आणि तसं असेल तर नाशिकहून टोरांटोला उतरायचं आणि पुलावरून गाडीने घरी जायचं, असं जमेल का?

द्राक्षबाग

काका, हा प्रश्न फार चांगला आहे, आणि इथेच पुष्कळ जण फसतात. मित्राने केलं ते कायदेशीरच आहे. त्याला ऑटोमॅटिक रिव्हॅलिडेशन म्हणतात. फक्त कॅनडा किंवा मेक्सिकोत, ३० दिवसांपर्यंत जाऊन आलात आणि आय-९४ ची, म्हणजे अमेरिकेतल्या मुक्कामाच्या नोंदीची, मुदत चालू असेल, तर संपलेल्या शिक्क्यावरही परत आत घेतात. पण यात नवा शिक्का मिळत नाही, फक्त त्या एका फेरीपुरती सवलत मिळते.

दोन अटी कायम डोक्यात ठेवायच्या. त्या फेरीत तिथल्या दूतावासात नव्या व्हिसाचा अर्ज केला आणि तो नाकारला किंवा लोंबकळत राहिला, तर ही सवलत गेली. टोरांटोताईंनी सांगितलेलं ते जोडपं यामुळेच परत जाऊ शकलं नसणार. दुसरी अट तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे: प्रवास फक्त शेजारच्या देशापुरता हवा. भारतात येऊन कॅनडामार्गे घुसलात तर ती भारताचीच फेरी धरतात. पुलावर अधिकारी पासपोर्टवरचे मुंबईचे शिक्के बघणारच. हे करू नका.

पंचवटीची_सून

मी डॅलसला असते, एच-४ वर. वहिनींचा विषय अजून कुणी काढला नाही म्हणून लिहिते.

काका, सूनबाईंनाही स्वतंत्र शिक्का लागणार, स्वतंत्र डीएस-१६० (व्हिसाचा ऑनलाइन फॉर्म) आणि स्वतंत्र मुलाखत. पूर्वी ड्रॉपबॉक्स होता, कागद टाकले की झालं. २ सप्टेंबर २०२५ पासून एच-१बी आणि एच-४ ला ती सोय राहिली नाही, सगळ्यांना खिडकीसमोर उभं राहावं लागतं.

त्यावर आणखी एक भर. १५ डिसेंबर २०२५ पासून एच-१बी आणि एच-४ वाल्यांची सोशल मीडिया खाती तपासायला सुरुवात झाली. खाती 'पब्लिक' करून ठेवायला सांगतात. या तपासणीला वेळ लागतो म्हणून कॉन्सुलेटने रोजच्या मुलाखती कमी केल्या आणि भारतात डिसेंबरच्या कितीतरी लोकांच्या तारखा उचलून मार्च २०२६ आणि त्याच्याही पुढे टाकल्या. त्यात माझी एक मैत्रीण आहे. ती नाशिकमध्ये सासरी बसून आहे, नवरा बाळाला घेऊन तिकडे. ज्यांची तारीख बदलली ते जुन्या तारखेला गेले तरी आत घेत नाहीत, हेही दूतावासाने स्पष्ट सांगितलंय.

हे लिहिताना मला बरं वाटत नाहीये. पण तुम्ही लग्नाची तारीख धरायच्या आत हे तुमच्या कानावर असायला हवं.

उपनगर

टीव्हीवर एच-१बीसाठी एक लाख डॉलर फीचं चाललं होतं, ती काकांच्या मुलाला भरावी लागेल का? आमच्या सोसायटीत सगळे हेच विचारतात.

द्राक्षबाग

नाही. ती घोषणा १९ सप्टेंबर २०२५ ची, लागू झाली २१ सप्टेंबरपासून. जो अमेरिकेबाहेर आहे आणि ज्याच्याकडे चालू व्हिसा नाही, अशासाठी त्या तारखेपासून दाखल होणाऱ्या नव्या पिटिशनला, म्हणजे कंपनीच्या अर्जाला, ते पैसे आहेत. अमेरिकेत राहून मंजूर झालेल्या एक्स्टेन्शनला नाहीत, आणि त्या मंजुरीवर शिक्का घ्यायला बाहेर पडलेल्यालाही नाहीत. २० ऑक्टोबरला इमिग्रेशन खात्याने तसा खुलासा केला. काकांच्या मुलाचं एक्स्टेन्शन आधीच मंजूर आहे, त्याला याची काळजी नको.

सातपूरकर

मग सरळच बोलतो, राग मानू नका काका. मुलाने येऊ नये. शिक्का नसला म्हणून तिथे काही अडत नाही. आय-९४ आणि आय-७९७ चालू आहे तोवर तो दहा वर्षं शिक्क्याविना राहिला तरी कायदेशीरच. बाहेर पडला की धोका. इकडे तारीख पुढे गेली तर नोकरी, घराचा हप्ता, पोरीची शाळा, सगळं टांगणीला. लग्न व्हिडिओवर बघता येतं.

कॉलेजरोड_ते_टोरांटो

सातपूरकर, तुमचं गणित बरोबर आहे, तरी मला पटत नाही. एकुलत्या बहिणीचं लग्न आहे. लाजाहोमाला तिच्या ओंजळीत लाह्या कोण घालणार? कान पिळायला कोण? चुलतभाऊ करतोच, सगळं होतं. पण ती मुलगी आयुष्यभर फोटोत कुणाला शोधेल याचाही हिशोब धरा. माझ्या लग्नाला माझा भाऊ नव्हता, असल्याच कारणाने. त्याची नोकरी शाबूत राहिली, आणि मला त्याचा राग कधीच आला नाही. तरीही.

सातपूरकर

ताई, मान्य. माझं म्हणणं इतकंच की डोळे उघडे ठेवून या. येऊच नका असं नको म्हणायला हवं होतं.

द्राक्षबाग

दोघांचं ऐकून सांगतो. काका, क्रम उलटा करा. आतापर्यंत आपण मुहूर्त, मग लॉन्स, मग तिकीट, मग व्हिसा असं चाललोय. आता पहिली मुंबईच्या मुलाखतीची तारीख, बाकी सगळं तिच्या मागे.

मुलाने आजच पोर्टलवर प्रोफाइल करावं, फी भरावी आणि पाचही ठिकाणच्या तारखा बघाव्यात. मुंबईच हवी असं नाही. हैदराबाद किंवा चेन्नईची लवकर मिळाली तर ती घ्यावी. पती-पत्नीची अपॉइंटमेंट एकत्र बसवता येते. लग्न हे कारण देऊन तातडीची तारीख मागता येत नाही. लग्न, पदवीदान यांना ते तातडीचं कारण धरत नाहीत, त्यामुळे त्या आशेवर राहू नका.

मुलाखतीची तारीख लग्नाच्या आधी यायला हवी की नंतर? माझं मत, आधी. मुलाखत झाली, पासपोर्ट परत आला, की लग्नात माणूस मनाने हजर असतो. नंतर ठेवली तर हळदीच्या दिवशीही त्याच्या डोक्यात तेच. आणि चिठ्ठी पडलीच तर वाट बघण्याचे दिवस लग्नातच निघून जातात, सुट्टी वाया जात नाही.

त्यासाठी वैशाख सोडा. अधिक संपल्यावर जूनच्या शेवटी किंवा जुलैच्या सुरुवातीला मुहूर्त बघा. आजींची अटही सांभाळली जाते, आणि मुलाला तारीख शोधायला वेळ मिळतो.

पंचवटीची_सून

पूर्ण अनुमोदन. आणि पासपोर्टची मुदत बघा! हे कुणी सांगत नाही. परत जाताना विमानतळावर आय-९४ ची तारीख पासपोर्टच्या मुदतीपुरतीच देतात. पिटिशन २०२८ पर्यंत आणि पासपोर्ट २०२७ ला संपणार, तर आय-९४ सुद्धा २०२७. लोक आय-७९७ वरची तारीख धरून निवांत बसतात आणि नकळत मुदत उलटून जाते. पासपोर्ट संपत आला असेल तर आधी तो नवा करून घ्यायला सांगा, मग डीएस-१६० भरा, कारण फॉर्मवर पासपोर्टचा क्रमांक असतो.

गंगापूररोडकर

हे अगदी वेळेवर सांगितलंत ताई. मुलाचा २०३१ पर्यंत आहे. सूनबाईंचा मात्र पुढच्या वर्षी संपतोय! आजच कळवतो.

आईशी बोललो. तिला भीती होती की आपण सिंहस्थात ढकलतोय. निज ज्येष्ठातला मुहूर्त चालेल का विचारलं, तर म्हणाली, 'माझा नातू येणार असेल तर गुरुजींना मी स्वतः विचारते.' गुरुजींनी दोन तारखा काढून दिल्यात. व्याही मंडळीही समजूतदार आहेत, त्यांच्याकडेही एक भाचा अमेरिकेत आहे, त्यामुळे जास्त सांगावं लागलं नाही. पावसाचं मात्र बघावं लागेल, उघडं लॉन चालणार नाही. छत असलेला हॉल शोधतोय.

आता मुंबईच्या दिवसाची माहिती हवी. त्याला मी स्वतः घेऊन जाणार आहे.

सातपूरकर

हे माझं खातं. मी एल-१ (कंपनीतल्या बदलीच्या व्हिसा) साठी बीकेसीला जाऊन आलोय, नंतर भावाला घेऊनही गेलो.

दोन वेगळ्या फेऱ्या असतात. आधी बायोमेट्रिकचं केंद्र, तिथे बोटांचे ठसे आणि फोटो. मुलाखत निदान दुसऱ्या दिवशी, बीकेसीतल्या कॉन्सुलेटमध्ये. त्यामुळे एका दिवसात नाशिकहून जाऊन-येऊन होत नाही, मुंबईत मुक्काम धरा. कुर्ला, सायन, वांद्रे, कुठेही चालेल.

पंचवटी एक्सप्रेसवर अवलंबून राहू नका. ती सकाळी सातच्या सुमारास नाशिकरोड सोडते, दादरला पोचेपर्यंत दहा वाजतात. सकाळची मुलाखत असेल तर गेलीच. गाडीने निघाल तर आता कसारा घाट टाळता येतो. जून २०२५ पासून समृद्धीचा इगतपुरी ते आमणे टप्पा खुला झालाय, बोगद्यातून झरकन उतरता. पण आमणेच्या पुढे भिवंडी-ठाण्याची कोंडी आहे तशीच आहे, आणि तुम्ही जाणार पावसाळ्यात. म्हणून आदल्या दिवशीच पोचा, दुपारी नाशिकहून निघा.

आत मोबाइल, बॅग, स्मार्टवॉच काही चालत नाही. कागदांची साधी पारदर्शक फाइल. फोन तुमच्याकडे ठेवून द्या आणि भेटायची जागा आधी ठरवा, कारण बाहेर आल्यावर त्याला तुम्हाला फोन करता येणार नाही. कॉन्सुलेट अमेरिकन आणि भारतीय दोन्ही सुट्ट्यांना बंद असतं. तुमच्या आठवड्यात ४ जुलै येत असेल तर बघून घ्या.

द्राक्षबाग

कागदांचं माझ्याकडून. डीएस-१६० चं कन्फर्मेशन, अपॉइंटमेंटचं पत्र, मूळ आय-७९७, कंपनीने भरलेल्या पिटिशनची पूर्ण प्रत आणि तिच्यासोबतचं एलसीए (कामगार खात्याने मंजूर केलेला कंपनीचा अर्ज), कंपनीचं ताजं पत्र, अलीकडच्या पगाराच्या स्लिपा, डब्ल्यू-२ (वर्षाच्या पगार-कराचा दाखला). सूनबाईंसाठी लग्नाचा दाखला आणि नवऱ्याच्या कागदांची प्रत. जुने पासपोर्ट सगळे बरोबर.

पिटिशनची प्रत वाचून जायला सांगा. कामाचं वर्णन कंपनीच्या वकिलाने लिहिलेलं असतं आणि माणसाला त्यात काय लिहिलंय तेच माहीत नसतं. खिडकीवर विचारतात, 'तुम्ही नेमकं काय करता?' उत्तर आणि कागद जुळले पाहिजेत.

सोशल मीडियाची सगळी खाती फॉर्ममध्ये खरी लिहा, गेल्या पाच वर्षांतली. बंद केलेलं असलं तरी.

आणि कंपनीशी आत्ताच लेखी बोलायला हवं. शिक्का लांबला तर भारतातून काम करू देतील का, किती आठवडे, पगार चालू राहील का. काही कंपन्या परवानगी देतात, काही सुरक्षेच्या किंवा कराच्या कारणाने लॅपटॉपसुद्धा नेऊ देत नाहीत. मी पाहिलेल्यांत व्हिसा अडकल्यापेक्षा जास्त हाल झाले ते हे आधी न विचारल्यामुळे. एक दिलासा आहे: भारतात घालवलेले पूर्ण दिवस एच-१बीच्या सहा वर्षांच्या मर्यादेत मोजले जात नाहीत, पुढे मागून घेता येतात. प्रवासाचे पुरावे जपून ठेवा.

उपनगर

तिकीट कुठून काढायचं यावर कुणी बोललं नाही. माझी बहीण लंडनमार्गे येणार होती, विमान कंपनीने काउंटरवरच अडवलं. ब्रिटनमधून विमान बदलायला आपल्याला ट्रान्झिट व्हिसा लागतो. अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर सूट, संपलेला असेल तर ती सूट नाही. युरोपातल्या प्रत्येक विमानतळाचे नियम वेगळे. येताना मुलाचा शिक्का संपलेलाच असणार, म्हणून दुबई, दोहा, अबूधाबी अशा मार्गाने बघा, तिथे विमानतळाबाहेर न पडता नुसतं विमान बदलायला व्हिसा लागत नाही. किंवा सरळ थेट विमान.

नाशिकरोड४२२१०१

आतेभावाला सगळं वाचायला दिलं. एजंटला नकार कळवला. धन्यवाद द्राक्षबाग भाऊ.

एक शंका. अमेरिकेतच बसून शिक्का नूतनीकरण सुरू होणार होतं ना? मग हे सगळं का करायचं?

द्राक्षबाग

झालं होतं, प्रायोगिक तत्त्वावर. २९ जानेवारी ते २६ फेब्रुवारी २०२४, दर आठवड्याला ४ हजार असे एकूण २० हजार अर्ज. फक्त एच-१बी, एच-४ नाही, आणि तेही ठरावीक काळात कॅनडा किंवा भारतातून शिक्का मिळालेल्यांनाच. त्याआधी २००४ पर्यंत अमेरिकेतच नूतनीकरण होत असे. ठसे घेणं सक्तीचं झालं तेव्हा ते थांबलं. त्या प्रयोगानंतर नियमित योजना आलेली नाही. ती आली तर आमच्यासारख्या लाखो घरांचा जीव भांड्यात पडेल, आणि मला मनापासून वाटतं की ती यायला हवी. जो माणूस तिथेच राहतो, तिथेच कर भरतो, ज्याचे कागद त्यांच्याच दप्तरात आहेत, त्याला शिक्क्यासाठी अर्धं जग ओलांडायला लावण्यात कुणाचंच भलं नाही. पण काकांच्या लग्नाची तारीख त्या आशेवर ठेवता येणार नाही.

गंगापूररोडकर

मंडळी, कळवायला आनंद होतोय. मुलगा आणि सूनबाई दोघांना मुंबईची तारीख मिळाली, जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यातली. पहाटे उठून पोर्टल बघत होता. त्यानंतर आम्ही गुरुजींच्या दोन तारखांमधली पुढची धरली आणि मगच हॉलवाल्याला अनामत दिली. कंपनीचं पत्रही आलं, काही आठवडे इथून काम करता येईल असं लेखी दिलंय. कॉन्सुलेटने तारीख बदलली तर तो येणार नाही, हेही आम्ही घरात बसून ठरवलं. मुलीलाच विचारलं. ती म्हणाली, 'दादा, तू तिकडे सुखरूप असलास तरी चालेल, लाह्या विनूदादा घालेल.' अवघड गेलं, पण सगळ्यांच्या मनात एकच गोष्ट आहे हे बरं झालं.

सूनबाईंच्या नव्या पासपोर्टचा अर्ज गेलाय. तो आल्यावर फॉर्म नव्याने भरणार.

शेवटचा प्रश्न, नातीचा. तिच्याकडे अमेरिकन पासपोर्ट आहे, तिला परत जायला व्हिसा नको. पण इकडे यायला काय लागेल?

पंचवटीची_सून

तिला भारताचा व्हिसा लागेल, काका, नाहीतर ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते. ओसीआयचा अर्ज आत्ताच टाकला तर जूनपर्यंत येईल असं धरायला हरकत नाही, पण भरवसा ठेवू नका. निघायच्या महिनाभर आधी कार्ड हातात नसेल तर ई-व्हिसा काढून मोकळे व्हा. ओसीआयच्या अर्जाला आई-वडिलांच्या भारतीय पासपोर्टच्या प्रती, लग्नाचा दाखला आणि मुलीचा जन्मदाखला लागतो. सूनबाईंचा जुना पासपोर्ट नूतनीकरणाला गेला असेल, तर त्याची प्रत आधीच काढून ठेवली आहे ना, ते विचारा.

गंगापूररोडकर

विचारलं. पहिल्या आणि शेवटच्या पानाची प्रत आहे तिच्याकडे. आज रात्री ओसीआयचा फॉर्म भरायला बसतायत दोघं.